रोहिणखेडच्या दोन लढाया आणि ओळख विसरलेला खेळ



आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे बोलीभाषेत दोनच भाग पडतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड जिथे संपते आणि खाली मलकापूरकडचा काळ्या मातीचा सपाट पट्टा सुरू होतो, तिथे पायथ्याशी मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. गावात १५८२ साली खुदावंतखान महदवी याने बांधलेली एक मशीद आहे, लहान पण देखणी. दक्षिणेच्या इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत गावाच्या वाट्याला येतात त्या दोन-चार ओळी. त्या ओळी सांगतात, की इथे दोन लढाया झाल्या. पहिली १४३७ साली आणि दुसरी १५९०-९१ साली.

आज मला या लढायांबद्दल बोलायचं आहे आणि त्याबरोबर संगणकावरच्या खेळांबद्दलही बोलायचं आहे. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने खेळांच्या वाटेला का जावं, असं काहींना वाटेल. पण वर्गातली मुलं ज्या जगात दिवसाचे दोन-तीन तास काढतात, त्या जगालाही आता पन्नास वर्षांचा इतिहास झाला आहे. त्यातलं एक दुःख समजून घ्यायला मला रोहिणखेडचा उपयोग झाला.

आधी ते दुःख सांगतो. माझा भाचा पुण्याला नोकरी करतो. शाळेत असल्यापासून तो एका परदेशी मालिकेचे खेळ खेळत आला. मालिकेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. पुढचा भाग येणार म्हणून त्याने कित्येक वर्षं वाट पाहिली. आल्या दिवशी साडेतीन हजार रुपये मोजून तो घेतला. आठवड्याभराने त्याचा फोन आला. आवाज पडलेला. घरात काही झालं की काय, असं मला वाटलं. तो म्हणाला, "मामा, खेळ वाईट आहे असं नाही. चित्रं फार सुंदर आहेत. पण यांनी मला ओळखलंच नाही."

त्याची आई, म्हणजे माझी ताई, मागून म्हणत होती, "अरे, खेळच तर आहे तो!" तिचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. ते का, हे सांगण्यासाठी हा खेळ म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं.

इंग्रजीत याला रोल प्लेइंग गेम म्हणतात. आपल्याकडे यासाठी जुना, नेमका शब्द आहे, सोंग. कोकणात दशावतार, नाशिक-ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात बोहाडा, पूर्व विदर्भात दंडार. माणूस सोंग घेतो आणि तेवढा वेळ तो राम असतो, रावण असतो. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापून विकायला काढला. टेबलाभोवती बसायचं, एकाने कथा सांगायची, बाकीच्यांनी योद्धा, मांत्रिक, चोर अशी सोंगं घ्यायची आणि फासे टाकून निकाल लावायचे. तिथून हा प्रकार संगणकावर गेला. १९८१ साली अमेरिकेत रिचर्ड गॅरियटने 'अल्टिमा' ही मालिका सुरू केली. जपानमध्ये १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आला आणि १९८७ साली 'फायनल फँटसी'.

इतर खेळांत आपण जिंकतो किंवा हरतो. या खेळांत आपण निवड करतो. कोणाला वाचवायचं, कोणाशी खोटं बोलायचं, कोणत्या बाजूला जायचं. शंभर-शंभर तास निवडी करत गेल्यावर ते पात्र खेळणाऱ्याचं स्वतःचं होतं. आणि मालिकेचा पुढचा भाग निघतो तेव्हा निर्माता न बोलता एक वचन देतो, की मागे जे घडलं ते आम्हाला आठवतं.

आता रोहिणखेडला येऊ.

१४३७ साली बिदरच्या गादीवर अलाउद्दीन अहमदशाह हा बहमनी सुलतान होता. खानदेशच्या नासिरखान फारुकीची मुलगी त्याला दिलेली होती. सुलतानाने कोकणातल्या एका राजाची मुलगी राणी करून आणली आणि तिच्यावरच त्याची मर्जी बसली. थोरल्या राणीने वडिलांकडे गाऱ्हाणं नेलं. नासिरखान वऱ्हाडवर चालून आला. वऱ्हाडातले कित्येक सरदार त्याला जाऊन मिळाले आणि सुभेदार नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. तेव्हा बहमनी फौज घेऊन आला खलफ हसन. हा मूळचा बसऱ्याचा व्यापारी. 'मलिक-उत-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, ही त्याची पदवी. तेव्हाच्या दरबारात दोन तट होते. इथलेच झालेले ते दखनी आणि इराण-अरबस्तानातून नव्याने आलेले ते आफाकी. खलफ हसनने अट घातली, की मला फक्त आफाकी शिपाई द्या, दखनी नकोत. सुलतानाने अट मानली. रोहिणखेडला नासिरखानाचा पुरता मोड झाला. खलफ हसनने बऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग करून शहर लुटलं.

विजयाच्या आनंदात सुलतानाने हुकूम काढला, की यापुढे दरबारात आफाकींनी उजव्या हाताला बसावं आणि दखनींनी डाव्या. बसण्याच्या जागेची ती एक निवड होती. पण तिचं ओझं पुढच्या पिढ्यांनी वाहिलं. खलफ हसन पुढे कोकणच्या स्वारीत मारला गेला आणि त्याच्या फौजेतले वाचलेले आफाकी चाकणला कापले गेले. १४८१ साली महमूद गावानसारखा वजीर याच तटबाजीत खोट्या पत्राच्या आळापायी प्राणाला मुकला. बहमनी राज्याचे तुकडे झाले, पण भांडण तुकड्यांबरोबर वाटून गेलं. अहमदनगरला १५८९ साली दखनी पक्षाच्या जमालखानाने सत्ता हाती घेतली तेव्हा आफाकींची कत्तल झाली आणि उरलेल्यांना शहर सोडावं लागलं. इतिहासकार फरिश्ता त्याच सुमारास अहमदनगर सोडून विजापूरला गेला.

या जमालखानाने गादीवर बसवला होता इस्माईल नावाचा कोवळा मुलगा. त्याचा बाप बुऱ्हाण अकबराच्या आश्रयाला होता. बाप आपला हक्क मागायला आला. खानदेशचा राजा अलीखान त्याच्या बाजूला. दोघांनी जमालखानाला गाठलं ते पुन्हा रोहिणखेडलाच. घाटाची वाट अडवलेली, म्हणून जमालखानाला आडवाटेने यावं लागलं. उन्हाळ्याने आणि तहानेने त्याची फौज अर्धी लढाई आधीच हरली होती. जमालखान गोळी लागून पडला. मुलगा कैदेत गेला आणि बाप बुऱ्हाण निजामशाह म्हणून तख्तावर बसला.

आता या दोन लढाया शेजारी ठेवून पाहा. जागा एकच. कारणही एकच, उत्तरेतून दक्षिणेत चढायचं तर घाटाच्या तोंडाशी सैन्य यावंच लागतं. पण दुसरी लढाई ही पहिलीची नक्कल नाही. पहिल्या वेळी याच मातीत हरलेलं खानदेश दुसऱ्या वेळी जिंकणाऱ्यांत होतं. पहिल्या वेळी सासऱ्या-जावयाचं भांडण होतं, दुसऱ्या वेळी बाप-लेकाच्या गादीचं. आणि १४३७च्या विजयानंतर दरबारात जी फूट पक्की झाली, तिची धग दीडशे वर्षांनी त्याच घाटाखाली पोहोचली होती. या दोन्हींना जोडणारी गोष्ट नकाशा नव्हे, आठवण आहे.

माझ्या भाच्याच्या खेळात नेमकी हीच गोष्ट गायब होती. आणि तो एकटा नाही. या खेळांच्या इतिहासात हे गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा आलेलं दिसतं.

सगळ्यात बोलका दाखला 'अल्टिमा'चा. १९८५ साली तिचा चौथा भाग आला, तेव्हा त्याने एक वेगळीच गोष्ट केली. त्यात मारायला शेवटचा राक्षसच नव्हता. खेळणाऱ्याने दया, सत्य, शौर्य, मान असे आठ सद्गुण अंगी बाणवायचे आणि 'अवतार' व्हायचं, एवढंच. होय, आपलाच शब्द, अवतार. त्यात मान या गुणाचं व्रत घेतलेल्या योद्ध्याला पॅलाडिन म्हणत आणि त्यांचं एक शहरच होतं. लोकांनी पुढचे भाग जिवापाड खेळले. १९९४ साली घाईत निघालेला आठवा भाग लोकांना आवडला नाही. मुदत पाळण्यासाठी आपण खेळाचा बळी दिला, हे गॅरियटने पुढे कबूल केलं. मग पाच वर्षं वाट पाहायला लावून १९९९ साली नववा, शेवटचा भाग आला. त्यात चुका इतक्या, की अनेकांच्या संगणकावर तो धड चालेना. पण लोकांनी लक्षात ठेवलं ते वेगळंच. खेळातला नायक, तोच अवतार, एका माणसाला विचारतो, की पॅलाडिन म्हणजे काय असतं? चौदा वर्षं ज्याने ते व्रत पाळलं त्याच्या तोंडी हा प्रश्न! जणू पंढरीची वारी करत म्हातारा झालेला वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात उभा राहून विचारतो, की इथे देव कोणता? पंचवीस वर्षं उलटली तरी जुने खेळाडू तो प्रश्न विसरलेले नाहीत.

दुसरा दाखला 'मास इफेक्ट'चा. कॅनडातल्या बायोवेअर या कंपनीने २००७, २०१० आणि २०१२ अशा तीन भागांत ही कथा सांगितली. तिचं वैशिष्ट्य असं, की पहिल्या भागात केलेल्या निवडींची नोंद दुसऱ्यात नेता येई आणि दुसऱ्याची तिसऱ्यात. ज्याला वाचवलं तो पुढे भेटे, ज्याला मरू दिलं त्याची जागा रिकामी असे. अशी पाच वर्षं गेल्यावर शेवट आला तो तीन पर्यायांचा, आणि तिन्ही चित्रांत मुख्य फरक प्रकाशाच्या रंगाचा. तांबडा, हिरवा, निळा. लोक भडकले. पण त्यांच्या रागाची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. त्यांनी वर्गणी काढून कंपनीला चारशेवर कपकेक पाठवले. वर तांबडी, हिरवी, निळी साय आणि आत चव सगळ्यांची एकच. कंपनीने ते केक निराधार मुलांच्या निवाऱ्याला दिले. याच चळवळीतल्या लोकांनी आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला ८० हजार डॉलरच्या आसपास निधीही जमवून दिला. जून २०१२ मध्ये कंपनीने शेवटाला जोड देणारा भाग फुकट दिला.

याच कंपनीचा 'ड्रॅगन एज'चा दुसरा भाग २०११चा. पहिल्या भागानंतर जेमतेम दीड वर्षात तो आला. वेळ कमी, म्हणून एकच गुहा वेगवेगळी ठिकाणं म्हणून दाखवली. फक्त कुठे हे दार बंद, कुठे ते. लोकांनी त्याची थट्टा केली. पण त्याच खेळाचं दुसरं अंगही सांगायला हवं. त्याची कथा दहा वर्षं एकाच शहरात घडते आणि मागे केलेल्या गोष्टी पुढच्या वर्षांत समोर येतात. ते मात्र पुष्कळांना भावलं. म्हणजे जागा तीच असणं हा दोष नव्हे. रोहिणखेडही दोनदा तेच होतं. गुहेला आधीचा कोणी आठवत नव्हता, शहराला आठवत होता, एवढाच फरक.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकलं पाहिजे. निर्माते मुद्दाम कोणाला दुखवत नाहीत. मोठ्या खेळाला शेकडो माणसं आणि कित्येक वर्षं लागतात, खर्च अफाट होतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, ही आपली म्हण तिथेही लागू आहे. भांडवल घालणाऱ्याला तारीख हवी असते. शिवाय दर भागाला नवा खेळाडू येतो. त्याला मागचं काही ठाऊक नसतं. 'अल्टिमा'तला तो प्रश्नही कदाचित नव्यांना माहिती मिळावी म्हणूनच घातला असेल.

पण हा पेच आपल्या कीर्तनकारांनी केव्हाच सोडवला आहे. कीर्तनाला नातू पहिल्यांदा आलेला असतो आणि आजीने तेच आख्यान पन्नासदा ऐकलेलं असतं. बुवा नातवाला सगळं समजावून सांगतात, पण आजीला ते माहीत नाही असं कधी भासवत नाहीत. उलट एखादा शब्द अर्धा सोडून ते आजीकडे पाहतात आणि आजी तो पुरा करते. नव्याला आत घ्यायचं म्हणून जुन्याला परकं करावं लागत नाही.

हे संगणकाच्या खेळातही जमतं, याचा एक फार चांगला दाखला आहे. 'फायनल फँटसी'चा चौदावा भाग सप्टेंबर २०१० मध्ये आला. हजारो लोकांनी इंटरनेटवर एकत्र खेळायचा हा खेळ. तो इतका फसला, की कंपनीच्या अध्यक्षांना जाहीर माफी मागावी लागली आणि बराच काळ खेळाडूंकडून वर्गणी घेणं थांबवावं लागलं. मेहनत घेतली नव्हती असं नाही, पण ती भलत्या जागी गेली होती. एका फुलझाडाच्या कुंडीवर अख्ख्या पात्राइतकं चित्रकाम केलेलं होतं, असं नंतर उघड झालं. डिसेंबर २०१० मध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं आली. त्यांनी ठरवलं, की फसलेला खेळ चालू ठेवत दुरुस्त करायचा आणि त्याच वेळी मुळापासून नवा बांधायचा.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. जुना खेळ गुपचूप पुसून टाकणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तो खेळ बंद झाला, तो त्या जगाच्या प्रलयाने. आकाशातला तांबडा चंद्र खाली आला आणि त्यातून एक महाभयंकर नाग बाहेर पडला. खेळाडू एकत्र उभे राहून ते पाहत होते. ऑगस्ट २०१३ मध्ये नवा खेळ सुरू झाला तेव्हा त्यातल्या लोकांच्या तोंडी त्या प्रलयाची आठवण होती. काही वीर आपल्यासाठी लढले, असं ते सांगत, पण त्यांचे चेहरे काही केल्या आठवत नाहीत, असंही म्हणत. जुन्या खेळाडूंच्या पात्रांच्या अंगावर एक खूण गोंदलेली ठेवली आणि त्यांची नावं खेळाच्या श्रेयनामावलीत घातली. जो भाग सगळ्यांना नकोसा झाला होता, तोच त्या जगाचा प्राचीन इतिहास झाला. नव्या खेळाडूने तो कथेसारखा ऐकला, जुन्याने अंगावरच्या खुणेसारखा बाळगला. तो खेळ आजही चालू आहे.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. त्याचे साडेतीन हजार काही परत येणार नाहीत. पण त्याचं दुःख पोरकट नाही, एवढं तरी कोणीतरी म्हणायला हवं होतं. आपल्याला ओळखणाऱ्याने ओळख न दाखवणं हे माणसाला नेहमीच लागलं आहे. लग्नात नेहमीच्या पाहुण्याला कोणी "आपण कोण?" असं विचारलं तर तो जेवणाच्या पंगतीतून उठतो. तिथे आपण म्हणत नाही, की "अरे, जेवणच तर आहे."

शाळेत मी आता एक उपक्रम करतो. नववीच्या मुलांना सांगतो, की रोहिणखेडच्या पहिल्या लढाईवर तुम्हाला खेळ काढायचा आहे. मुलं हत्ती, तलवारी, तटबंदी अशी यादी काढतात. मग विचारतो, की दुसरा भाग दुसऱ्या लढाईवर काढायचा, तर पहिल्यातलं काय काय आठवणीत ठेवाल? इथे वर्ग शांत होतो. पहिल्यांदा कोणीतरी म्हणतं, डोंगर. मग कोणी म्हणतं, वाट. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, पहिल्या लढाईनंतर ज्यांना डाव्या हाताला बसवलं, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना ते घरी कोणी सांगितलं असेल का?"

इतकी वर्षं शिकवतो आहे, पण दखनी-आफाकी तंट्याबद्दल याहून नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. बुलढाण्याकडून मलकापूरला जाताना घाट उतरलात, तर वाट वाकडी करून रोहिणखेडला जरूर जा. मशीद पाहा, आणि मग मागे वळून घाटाकडे पाहा. दोन्ही फौजा कोणत्या बाजूने आल्या असतील ते तिथे उभं राहिल्यावर आपोआप कळतं.